गुडघ्याला बाशिंग कोणाच्या?



दिवाळी सरली की आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडयांचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम लागतो. बांध्यांतला धान कापून झालेला असतो, पुंजणे रचलेले असतात आणि गावोगावी रात्रीच्या नाटकांची पत्रके वाटली जातात. झाडीपट्टीच्या नाटकाचे पत्रक मी कधी टाकून देत नाही. सगळ्यात वर ठळक अक्षरांत नाटकाचे नाव, त्याखाली उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी अशी लांबलचक उतरंड. ज्यांनी रात्रभर जागून काम करायचे त्या नटनट्यांची नावे मग उरलेल्या जागेत. उतरंडीतल्या बहुतेक नावांपुढे कंसात ओळख दिलेली असते. कित्येक कंसांत ‘माजी’ असते, कित्येकांत ‘भावी’. भावी सरपंच, भावी जिल्हा परिषद सदस्य, भावी आमदार. वर्तमानकाळ फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

आपल्या नावापुढे ‘भावी’ छापून घेणाऱ्या माणसाला लोक हसतात हे त्यालाही ठाऊक असते. तरी तो मंडळाला वर्गणी देतो आणि छापून घेतो, कारण गप्प बसलेल्याला घरी तिकीट आणून दिल्याचे त्याने कधी पाहिलेले नाही. पत्रक हातात पडले की पानठेल्यावर शेरा ठरलेला: “गुडघ्याला बाशिंग बांधून बसला आहे!” आता त्याच पत्रकावर जरा वर बघा. तिथे एखाद्या नेत्याच्या चिरंजीवांचे नाव असते. त्यांनी अजून ग्रामपंचायतही लढवलेली नसते. पण त्यांच्या कंसात ‘भावी’ नसते. तिथे असते ‘युवा नेते’. दोघांनाही हवे ते एकच, आमदारकी. एकाने मागितली म्हणून त्याच्या गुडघ्याला बाशिंग, आणि दुसऱ्याच्या कपाळाला ते जन्मतःच बांधलेले, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

आजचा माझा विषय एवढाच आहे. पुढे जाऊ पाहणाऱ्या, संधी दिसली की हात घालणाऱ्या माणसाला मराठी काय काय म्हणते, आणि कोणाला काय म्हणायचे हे ती कशावरून ठरवते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कंटाळा आल्यावर उठून जायला कोणाला संकोच नको. हे शब्द माणसाच्या करणीवरून पडत नाहीत. तो कुठे बसला आहे आणि त्याला कुठे बसायचे आहे, यांतले अंतर किती, यावरून पडतात. अंतर जितके मोठे तितका शब्द झोंबरा.

शिव्यांचा साठा आपल्याकडे भरपूर आहे. खटपट्या, लटपट्या, आगाऊ, पुढेपुढे करणारा, आपले घोडे दामटणारा, वारा येईल तशी पाठ देणारा, वाहत्या गंगेत हात धुणारा, आपल्या पोळीवर तूप ओढणारा, आयत्या बिळावरचा नागोबा. यांतली एक शिवी थेट पोळी-तुपाची आहे, कारण ज्या घरात तूप मोजून वाढले जाई त्या घरात कोण किती ओढतो यावर सगळ्यांचीच नजर असे. आपल्या बाजूला हिंदीच्या शेजारामुळे ‘चालू’, ‘चंट’, ‘मोका साधला’ हेही घरचेच झाले आहेत. कौतुकाचा शब्द शोधायला गेले की मात्र कोठी रिकामी. ‘महत्त्वाकांक्षी’ आहे, पण तो चष्मा लावून बोलायचा शब्द. ‘आमची सून फार महत्त्वाकांक्षी आहे’ असे सासूबाई म्हणाल्या तर ती स्तुती आहे असे या मंडपात कोणी समजेल का? ‘धडपड्या’ त्यातल्या त्यात बरा. साने गुरुजींनी ‘धडपडणारी मुले’ हे नाव पुस्तकाला दिले आणि त्या शब्दाची अब्रू वाढली.

आणि एक शब्द आहे, ‘होतकरू’. मला वाटते, या सगळ्यांत हा सर्वांत जास्त बोलका. शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत, वह्यावाटपाच्या बातमीत, सत्काराच्या भाषणात तो येतो, आणि ‘गरीब’ला सोडून सहसा येत नाही. गरीब व होतकरू. गावातल्या सधन घरच्या मुलाला होतकरू म्हटलेले तुम्ही ऐकले आहे? आणि ‘मी होतकरू आहे’ असे स्वतः म्हणणारा तरी कोणी पाहिला आहे? हा शब्द वरून खाली दिला जातो. देणाऱ्याचा हात वर असेपर्यंत मुलगा होतकरू. तोच मुलगा शिकून, नोकरीला लागून, उद्या त्याच संस्थेच्या कार्यकारिणीसाठी अर्ज भरायला आला की त्याला काय म्हणतात? “फार शहाणा झाला.” कालपर्यंत होतकरू होता. आज त्याला त्याची पायरी दाखवायची वेळ येते.

‘संधिसाधू’ या शब्दापाशी क्षणभर थांबतो, जास्त नाही. संधी म्हणजे मुळात सांधा, फट. व्याकरणातला संधी आणि दुखऱ्या गुडघ्याचा संधिवात ही त्याचीच भावंडे. संस्कृतात घरफोडीला संधिच्छेद म्हणत. ‘मृच्छकटिक’ नाटकातला शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो तेव्हा भोक कोणत्या आकाराचे पाडावे याचा तो कलावंतासारखा विचार करतो. म्हणजे संधी शोधणारा आणि भिंतीत फट शोधणारा यांचे नाते जुने आहे. पण भिंत कोणी बांधली, आणि दार कोणासाठी बंद ठेवले, हा प्रश्न त्या शब्दात शिरत नाही. ज्याला दारातून आत घेतात त्याने ‘संधीचे सोने केले’. ज्याला फटीतून यावे लागले तो संधिसाधू.

आता दरबारात जाऊ. दरबारी माणसाला भाषा कशी वागवते ते पाहण्यासारखे आहे. मराठी इतिहासातले साडेतीन शहाणे सगळ्यांना पाठ असतात. पेशव्यांकडचे सखारामबापू बोकील, निजामाकडचा विठ्ठल सुंदर, आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे हे तीन पूर्ण. नाना फडणवीस अर्धा, कारण त्यांना तलवार चालवता येत नव्हती, असे सांगतात. आपला हा मुलूख तेव्हा भोसल्यांचा. १७६३ साली निजाम आणि पेशवे यांचे युद्ध पेटले तेव्हा जानोजी भोसले निजामाच्या बाजूला होते. लढाई तोंडावर आली आणि मुलखाच्या बोलीवर ते पेशव्यांकडे वळले. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनाला गोदावरीकाठी निजामाचा पराभव झाला आणि विठ्ठल सुंदर तिथेच पडला. पुढे पेशव्यांनी भोसल्यांवर चाल केली आणि १७६९ च्या कनकापूरच्या तहात मागचा हिशेब चुकता करून घेतला.

आजच्या भाषेत याला काय म्हणाल? निकालाआधी पक्ष बदलला, बदल्यात मोठे काही मिळाले, आणि नंतर नव्या मित्राने तेही काढून घेतले. आठवडाभर वाहिन्यांना पुरेल असा मजकूर आहे. पण इतिहासाच्या पुस्तकात ते ‘राजकारण’ आहे, ‘मुत्सद्दीपणा’ आहे, आणि ज्यांच्या सल्ल्याने हे व्यवहार चालत ते ‘शहाणे’ आहेत. मी जानोजींना नावे ठेवत नाही. अठराव्या शतकात टिकायचे तर सगळेच हे करत होते, पेशवेही आणि निजामही. मला फक्त शब्दांचा दर विचारायचा आहे. सरदाराच्या पक्षबदलाला ‘धोरण’ म्हणायचे, आणि शिपाई वाढीव पगारासाठी दुसऱ्याच्या तंबूत गेला तर त्याला ‘नमकहराम’?

दरबार सोडून तळ्यावर येऊ. आपला जिल्हा तळ्यांचा. गोंड राजवटीत जंगल तोडून बांध घालणाऱ्याला जमीन मिळे, आणि या कामात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. रसेल आणि हिरालाल यांच्या जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातही कोहळ्यांची ओळख तळी बांधणारे आणि ऊस पिकवणारे अशीच आहे. नवेगावबांधचे तळे आज गोंदिया जिल्ह्यात गेले, पण ते बांधणाऱ्या कोलू पाटील कोहळी याचे नाव लोक अजून घेतात. कल्पना करा, रानात उभा राहून ‘इथे पाणी अडवतो, याच्या खाली धान पिकवतो आणि त्यावर माझा हक्क सांगतो’ असे म्हणणारा माणूस किती मोठा संधी शोधणारा असेल! दोन टेकड्यांमधली फट हेरायची आणि ती बुजवायची. संधी शब्दाचे दोन्ही अर्थ त्याने एकाच बांधात बसवले.

आपल्याकडे म्हण आहे, तळे राखील तो पाणी चाखील. आजकाल ती भ्रष्टाचाराला माफी देण्यासाठी वापरतात. ‘बांधकाम खात्यात आहे, मग थोडे इकडेतिकडे होणारच,’ अशा सुरात. पण तळ्याच्या मुलखात तिचा अर्थ इतका सैल नव्हता. बांध फुटला तर रात्री उठून माती टाकायची, गाळ काढायचा, पाटाचे पाणी कोणाच्या बांधीत किती वेळ जाणार ते ठरवायचे, आणि भांडण झाले तर दोन्हीकडच्या शिव्या खायच्या. इतके करणाऱ्याचा पाण्यावर, धानावर हक्क असे आणि तो सगळ्यांना ठाऊक असे. इंग्रजांच्या बंदोबस्तात गावोगावच्या अशा रिवाजांची ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाची नोंदवही झाली. निस्ताराच्या, म्हणजे सामाईक वापराच्या, हक्कांच्या वादात ती आजही काढली जाते. राखणे आधी आणि चाखणे नंतर, हा क्रम म्हणीतच आहे.

बिघडले कधी? इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात मालगुजाराला गावाचा मालक केले तेव्हा त्यातला एक सांधा सुटला. काही मालगुजारांनी तळी खरोखर राखली, पदरचे पैसे घातले. काहींनी नुसते चाखले. मग १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली आणि त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले, ज्याचा कागदोपत्री संक्षेप ‘मामा तलाव’. पुढे त्यांचे जे झाले ते पाहता नाव चांगले शोधले होते, कारण मराठीत ‘मामा बनवणे’ म्हणजे काय ते सर्वांना कळते. गाळ साचत गेला, राखणारा नेमका कोण हे कोणालाच सांगता येईना, आणि चाखणाऱ्यांची रांग मात्र लांबत गेली. या रांगेला आपल्याकडे एकही झोंबरा शब्द नाही. ‘ठेकेदार’ ही तर आता पदवी झाली आहे, लग्नपत्रिकेत छापायची.

आता १९५४. या जिल्ह्याने देशाच्या राजकारणाला दिलेला सर्वांत मोठा धडा त्या वर्षीचा आहे आणि आपण तो फारसा आठवत नाही, म्हणून थोडा वेळ घेतो.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. १९५२ मध्ये सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते ‘मुळजी सिक्का आणि कंपनी’ या विडी उत्पादक पेढीचे भागीदार. ही पेढी सैनिकांच्या कॅन्टीनसाठी सरकारला विड्या पुरवत होती. मोरेश्वर परशराम या मतदाराने निवडणुकीला आव्हान दिले. त्यातला एक मुद्दा असा की सरकारशी करार असलेल्या माणसाला कायद्याने उभेच राहता येत नाही. दुसरा मुद्दा राखीव जागेचा. गंगाराम ठवरे यांचा अर्ज, ते महानुभाव पंथात गेले म्हणून आता महार उरले नाहीत, असे सांगून फेटाळला होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५४ चा निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी, म्हणजे नागपूरच्याच माणसाने. दोन्ही मुद्द्यांवर निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला. ठवरे पंथात गेले तरी ते स्वतःला महार मानत होते आणि समाजही त्यांना आपला मानत होता, म्हणून ते महारच. आणि जसानींचा सरकारशी असलेल्या करारात हितसंबंध होता, म्हणून ते अपात्र. संपूर्ण निवडणूकच रद्द झाली.

मला या निकालाची भाषा फार आवडते. त्यात जसानींना कोणी संधिसाधू म्हटलेले नाही. ते हावरे होते की सज्जन, विड्यांच्या पैशातून त्यांनी काय केले, याची न्यायालयाने चौकशीच केली नाही. विचारले ते एवढेच: करार होता का? चालू होता का? भागीदारी होती का? ‘हितसंबंध’ हा रुक्ष, सरकारी वासाचा शब्द आहे, पण तो माणसाचे अंतरंग पाहत नाही, व्यवहार पाहतो. चावडीवरचा शब्द माणसाच्या स्वभावावर बोट ठेवतो, कायद्याचा शब्द त्याच्या वहीवर. विडीच्या धंद्यातली महत्त्वाकांक्षा वाईट असते असेही नव्हे. गोंदिया तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते आणि तिथल्या विडी उद्योगातल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली, तिच्या महाविद्यालयांत या भागातल्या पिढ्या शिकल्या.

निवडणूक रद्द झाली आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक लागली. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते. दोन वर्षांपूर्वी मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांकडून ते हरले होते. त्या निवडणुकीत हजारो मतदारांनी आपले एक मत मुद्दाम वाया घालवले, ‘कुजवले’, अशी त्यांची तक्रार होती आणि त्यासाठी त्यांनी निवडणूक अर्जही केला होता.

राष्ट्रीय चळवळीतल्या लोकांनी बाबासाहेबांना वर्षानुवर्षे कोणता शब्द चिकटवला होता ते तुम्हाला ठाऊक आहे: सरकारधार्जिणा. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते म्हणून. शतकानुशतके ज्यांना चावडीच्या बाहेर उभे केले त्यांच्यातला एक जण मंत्रिमंडळात बसला आणि कामगारांसाठी कायदे करू लागला, तर तो सरकारधार्जिणा. पिढ्यानपिढ्या सरकारदरबारी वतने टिकवणारी घराणी मात्र ‘खानदानी’. माझा मुद्दा याहून उघड कुठे दिसेल?

आता भंडाऱ्याची आठवण सांगतात ती अशी. कार्यकर्त्यांचा हिशेब साधा होता. आपल्या मतदारांनी दोन्ही मते दिली तर दुसऱ्या मताचा फायदा अशोक मेहतांना होईल, पण समाजवाद्यांची दुसरी मते बाबासाहेबांना तितकी पडणार नाहीत. तेव्हा आपल्या लोकांना सांगू, एक मत बाबासाहेबांना द्या आणि दुसरे कुजवा. जागा निघेल. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना मान्य झाले नाही. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. लोकसभेत ते कधीच जाऊ शकले नाहीत. दोन वर्षांनी, डिसेंबर १९५६ मध्ये, ते गेले.

संधी समोर उभी असताना तिच्यात हात न घालणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणतात? ‘भोळा’? ‘अव्यवहारी’? मी कोश चाळले, मित्रांना विचारले. जे सुचवले गेले त्यात कीव होती. आदर एकातही नव्हता. संधी साधली तर शिवी आणि सोडली तर कीव, असा हा सापळा आहे.

पुढची गोष्ट झपाट्याने सांगतो, कारण ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पंधरवड्यात तीन वेळा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ देशभर झाले. १९७८ मध्ये महाराष्ट्रात वसंतदादांचे सरकार पडले तेव्हा ‘खंजीर’ आला. १९८५ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला, पण शब्द काही थांबले नाहीत, आणि २०२२ मध्ये ‘खोके’ आले. शब्दांचा हा प्रवास मला राजकारणापेक्षा रंजक वाटतो. खंजीर म्हणताना निदान एक पाठ होती, एक विश्वास होता, तो मोडल्याची वेदना होती. खोक्यात फक्त किंमत आहे. विश्वासघाताची तक्रार आता कोणी करत नाही, दराची करतो.

आपल्याकडेही फार लांब जायला नको. २०१४ मध्ये भाजपच्या तिकिटावर प्रफुल्ल पटेलांना हरवून नाना पटोले भंडारा-गोंदियाचे खासदार झाले. मूळचे ते काँग्रेसचे. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी खासदारकी सोडली आणि पुढे काँग्रेसमध्ये परतले. मे २०१८ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे माजी आमदार मधुकर कुकडे राष्ट्रवादीच्या चिन्हावर निवडून आले. या माणसांचे खरेखोटे करायला मी इथे आलो नाही. मला त्या दिवसांतली पानठेल्यावरची वाक्ये आठवतात. एका बाकावर ‘स्वाभिमानी निघाला’, समोरच्या बाकावर ‘कोलांटउडी मारली’. बाक बदलले की शब्द बदलतात. ते शब्द राजीनाम्याबद्दल काही सांगत नाहीत, बसणाऱ्याबद्दल सांगतात.

बायकांबद्दल तर बोलायलाच हवे. भाऊराव बोरकरांच्या निधनानंतर १९५५ मध्ये त्यांच्या पत्नी अनसूयाबाई भंडाऱ्यातून लोकसभेवर गेल्या. नवऱ्याच्या मागे आलेल्या बाईला आपण सहानुभूती देतो, तिच्या गुडघ्याकडे कोणी पाहत नाही. १९९३ पासून पंचायतीत आरक्षण आले, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या आणि त्याबरोबर एक नवा शब्द आला: सरपंचपती. तो खुर्चीशेजारी खुर्ची टाकून बसतो, बिलांवर सही कुठे करायची ते बोटाने दाखवतो, फोन तोच उचलतो. दुसऱ्याच्या पदावर बसून कारभार करणारा याच्याइतका उघड संधिसाधू दुसरा सापडणार नाही. पण शब्द कसा आहे पाहा. चेष्टेचा आहे, चार लोक हसतात, त्यालाही राग येत नाही. तीच सरपंचबाई एक दिवस म्हणाली, “तुम्ही घरी बसा, मी बैठकीला जाते,” की तिच्यासाठी जो शब्द येतो त्यात हसू नसते. “आगाऊ झाली.” आगाऊ या शब्दात पायाचा वेग मोजला जातो. नेमून दिलेल्या जागेच्या जरा पुढे पाऊल पडले की आगाऊ. पुरुषाला हा शब्द साधारण शाळा सुटेपर्यंत लागतो. बाईला तो मरेपर्यंत लागू असतो.

आता शेवटचे, धान खरेदी केंद्राचे. आधारभूत किमतीने धान विकायचा तर सातबारा लागतो, नोंदणी लागते, चाळीस किलोच्या कट्ट्यांत माप होते, आणि आपला नंबर लागेपर्यंत थांबावे लागते. ज्याला डिसेंबरात दुकानदाराची उधारी फेडायची आहे, पोरीच्या कॉलेजची फी भरायची आहे, तो थांबू शकत नाही. तो पडेल भावात व्यापाऱ्याला धान देतो. व्यापारी धान घेतो आणि त्याबरोबर सातबाराही मागतो. मग तोच धान शेतकऱ्याच्या नावावर केंद्रावर जातो, आधारभूत किमतीने विकला जातो. पैसे शेतकऱ्याच्या खात्यात येतात, तिथून काढून व्यापाऱ्याला दिले जातात, आणि शेतकऱ्याला सातबारा दिल्याचे थोडेफार मिळतात. क्विंटलवर बोनस मिळे त्या वर्षांत त्याचीही अशीच वाट लागे. २०२२-२३ पासून बोनस हेक्टरी केला त्यामागे, तो खऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही, ही तक्रार होतीच.

मी या व्यवहाराची नावे ऐकली आहेत. व्यापारी म्हणतो, ‘ॲडजस्टमेंट’. केंद्रावरचा माणूस म्हणतो, ‘मॅनेज केलं’. मधला म्हणतो, ‘सेटिंग आहे’. बदलीसाठी, तिकिटासाठी, ठेक्यासाठी ‘फिल्डिंग लावली’ म्हणतात तसेच हे. या चारही शब्दांत कोणाचा हात, कोणाची पोळी, कोणाचे तूप काही दिसत नाही. जुन्या शिव्या निदान खाणाऱ्याकडे बोट दाखवत. हे नवे शब्द मऊ आहेत, कोणालाच लागत नाहीत, आणि जो तो ते अभिमानाने वापरतो. ज्याच्या सातबाऱ्यावर हे सगळे झाले तो शेतकरीही संध्याकाळी म्हणतो, “सेठ हुशार माणूस आहे.”

आणि त्याच गावात ग्रामसभेच्या दिवशी मागच्या रांगेतून एक बाई उठते. मामा तलावाच्या गाळाचे पैसे आले होते, काम झाले का, ठेका कोणाला दिला, असे विचारते. पुढच्या रांगेतला एकजण मान न वळवताच म्हणतो, “हिला सरपंच व्हायचं आहे वाटते.” सभा हसते. सचिव पुढचा विषय वाचायला घेतो. गाळाचा हिशेब इतिवृत्तात येत नाही.